सुईपुढचं बोट

ऑपरेशन शिकवता येत नाही, असं आमचे सर म्हणायचे आणि मग दिवसभर तेच शिकवत बसायचे. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. घाटकोपरच्या बाजूला एका उपनगरी हॉस्पिटलात मी सर्जरीची रेसिडेंट होते. सर्जरीला तेव्हा मुली फारशा जात नसत. युनिटमध्ये मी एकटीच, त्यामुळे पहिल्या वर्षी "तू बाळंतपणं कर की" हा फुकटचा सल्ला मला सगळ्यांनी देऊन झाला होता. सरांनी तो दिला नाही. त्यांनी माझा हात धरला.

म्हणजे खरोखरच धरला. पोट उघडलं की सर समोरून आपला ग्लोव्ह घातलेला हात माझ्या हातावर ठेवायचे आणि दोन्ही हात मिळून आत जायचे. "डोळे मीट," ते म्हणायचे. "आता बघ." मी डोळे मिटायची. त्यांचं बोट माझ्या बोटाला कुठेतरी नेऊन थांबवायचं, जरा दाबायचं आणि परत आणायचं. ते काय होतं हे तोंडाने सांगायचे नाहीत. पुढच्या वेळी माझं बोट आपसूक तिथे गेलं नाही, तर सुई धरायच्या चिमट्याच्या, नीडल होल्डरच्या, मागच्या टोकाने बोटाच्या सांध्यावर टकटक बसायची. चांगलीच लागायची. पण वर्षभरात माझी बोटं शहाणी झाली, हेही खरं.

पोट शिवताना त्यांचा एक नियम होता. पोटाच्या भिंतीला टाके घालताना आतडं अगदी खाली असतं आणि सुई त्यात जाण्याची भीती असते. म्हणून शिवणाऱ्याने, आणि सर शिवत असतील तेव्हा समोर उभ्या असलेल्याने, डावी तर्जनी भिंतीच्या आतून, आतड्याच्या वर धरायची. सुईचं टोक बोटाला जाणवलं की तिथून वळवून बाहेर काढायचं. "सुई बोटाला लागली तर बोट बरं होतं," सर म्हणायचे. "आतड्याला लागली तर माणूस बरा होत नाही." त्यांच्या हाताखालच्या प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीवर टोचल्याच्या बारीक खुणा असायच्या. कॅन्टीनमध्ये चहा पिताना आम्ही त्या एकमेकांना दाखवायचो. ज्याच्या बोटावर खुणा नाहीत त्याने अजून काही शिवलंच नाही, असा आमचा हिशेब.

मग तो रोग आला. आधी पेपरात आला. तिकडे परदेशात काहीतरी आहे म्हणे, असं वाटेपर्यंत आपल्याकडे सापडल्याच्या बातम्या यायला लागल्या. एड्स हा शब्द वॉर्डात कुणी मोठ्याने उच्चारत नसे, "ते" म्हणायचे. रक्तातून होतो आणि औषध नाही, एवढं पक्कं कळलं होतं. सर्जनला तेवढं पुरे. त्याचा अख्खा दिवस दुसऱ्यांच्या रक्तात जातो. तपासणी शहरातल्या एकाच प्रयोगशाळेत व्हायची आणि उत्तर यायला कितीतरी आठवडे लागायचे. तोवर आम्ही चेहऱ्यावरून निदान करायचो. ट्रक चालवणारा, बोटीवर काम करणारा, अंगावर गोंदलेला, फार बारीक झालेला, हे सगळे संशयित. शिकल्यासवरल्या माणसांच्या अकलेची ही कमाल होती, आणि त्यात मीही होते.

नियम बदलत गेले. एकावर एक दोन ग्लोव्हज घालायचे. तेव्हा ग्लोव्हज एकदा वापरून फेकत नसत. मावशी ते धुवायच्या, फुगवून भोकं आहेत का बघायच्या, पावडर लावून पुन्हा उकळायला पाठवायच्या. असे दोन चढवले की बोटं जाडजूड व्हायची. हत्यार हातातून हातात द्यायचं नाही. मध्ये स्टीलचा ट्रे ठेवायचा, सिस्टरने त्यात टाकायचं, आपण त्यातून उचलायचं. ज्याला थांबता येईल त्याचं ऑपरेशन पुढे ढकलायचं. संशयित पेशंट असला तर मोठ्यांनी भरभर उरकायचं, पोरांना लांब ठेवायचं.

हे शेवटचं आमच्या काळजीपोटीच होतं. पण सर्जरी काही पुस्तक वाचून येत नाही. पुढच्या वर्षी माझी परीक्षा होती आणि माझ्या हातून व्हायला हवी होती त्यातली निम्मी ऑपरेशनंही झालेली नव्हती. माझ्याबरोबरचा रेसिडेंट एक दिवस म्हणाला, "आपली वाट लागली यार. एमएस होऊन जन्मभर गळवं फोडत बसणार आपण." मी हसले खरी, पण घरी जाताना माझ्या हातून झालेली ऑपरेशनं बोटांवर मोजली. आम्ही नाहूरला राहायचो. मिल बंद पडल्यापासून बाबा मिळेल ते काम करत होते, आणि आमची मुलगी सर्जन होणार हे त्यांनी अख्ख्या चाळीला सांगून ठेवलं होतं. मी खिडकीच्या गजाला दोरा बांधून गाठी मारायची सवय करत बसायची. आई बघून म्हणायची, "काय गो, दावां वळतंस काय?"

सरांनी नियम पाळले, पण वॉर्डात ते पूर्वीसारखेच वागायचे. राउंडला प्रत्येक पेशंटच्या पोटावर उघडा हात ठेवायचे. संशयिताच्या पोटावर जरा जास्तच वेळ.

एका दुपारी ओपीडी संपता संपता माहुलहून एका टँकर ड्रायव्हरला आणलं. चाळिशीचा माणूस, पोट लाकडासारखं कडक. जठरातला अल्सर फुटला होता. थांबायला वेळ नव्हता. ड्रायव्हर म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे बदलले. एकाला अचानक ताप भरला, दुसऱ्याला कुणाचं तरी प्लास्टर बघायचं आठवलं. भूल देणारे डॉक्टर कपाळाला आठ्या घालून आले, पण आले. सर माझ्याकडे वळले.

"तू करणार?"

"मी?"

"मी समोर आहे. भीती वाटत असेल तर सांग, मी करतो."

भीती वाटतच होती. पण असं ऑपरेशन मला महिनोन्‌महिने मिळालेलं नव्हतं, आणि पुन्हा कधी मिळेल याची खात्री नव्हती. मी हात धुवायला गेले.

भोक लवकर सापडलं. पोटातल्या चरबीचा पदर ओढून मी ते बुजवलं, सगळं धुऊन काढलं. इथवर सर काही बोलले नाहीत, म्हणजे बरं चाललं होतं. शिवायला घेतलं आणि घोडं अडलं. दोन ग्लोव्हजमधून माझ्या डाव्या तर्जनीला काही समजेना. सुई कुठे आहे, आतडं कुठे आहे, काहीच नाही. दात उपटायला गेल्यावर गाल बधिर होतो तसं ते बोट झालं होतं.

"सर, मला सुई लागत नाहीये."

"काढ तुझं बोट. माझ्या बोटावर ये."

त्यांनी आपलं बोट आत घातलं. मी सुई टोचली. तेवढ्यात भूल उतरत आली असावी. पेशंटने जोर केला आणि आतडं खालून उसळलं. सरांनी बोटाने ते खाली दाबून धरलं. त्याच क्षणी माझी सुई आत गेली. काहीतरी घट्ट लागलं, आणि ते पोटाच्या भिंतीचं नव्हतं, हे त्या बधिर हातालाही कळलं.

सरांनी बोट काढलं नाही. "आतडं बघ," ते म्हणाले. "लागलंय का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, सर."

मग त्यांनी हात वर घेतला. वरच्या ग्लोव्हखाली लाल ठिपका पसरत चालला होता. त्यांनी ग्लोव्हज काढले, नळाखाली बोट बराच वेळ पिळलं, स्पिरिट ओतलं, नवे ग्लोव्हज घालून परत आले आणि मला म्हणाले, "पुढचा टाका." उरलेलं पोट मी कसं शिवलं ते मला आठवत नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही." मला त्यांचा भयंकर राग आला होता. कुणी सांगितलं होतं बोट घालायला? टाका थोडा वेडावाकडा गेला असता, मी तो पुन्हा घातला असता; आतड्याचं मी रागात विसरलेच होते.

त्या ड्रायव्हरचं रक्त आम्ही पाठवलं होतं. दहाबारा दिवसांनी प्रयोगशाळेचा निरोप आला की नमुना वाटेत खराब झाला, पुन्हा पाठवा. तोवर टाके काढून तो घरी गेला होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सरांचं स्वतःचं रक्त तीन महिने थांबून तपासायचं होतं. त्याआधी काही कळतच नाही, असं तेव्हा सांगायचे.

सरांनी त्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासूनच पाठदुखीचं सोंग काढलं होतं. शर्टावरून पट्टा बांधून आले आणि सगळ्यांना सांगितलं की वाकणं बंद, टेबलावर आता मुलं उभी राहतील. आपल्याला लागण झाली असेल आणि आपलं रक्त सांडलं तर ते पेशंटच्या पोटात जाईल, या भीतीने ते हत्याराला हात लावत नव्हते. हे फक्त मला माहीत होतं. ते समोर उभे राहायचे, दोन्ही हात मागे बांधून. ढकलता येणार नाहीत अशी ऑपरेशनं आता आमच्याकडे यायला लागली, आणि त्यातली बरीच माझ्या वाट्याला. माझ्याबरोबरचा खूश होता. "सरांची पाठ अशीच राहू दे रे देवा," तो म्हणाला. "झकास चाललंय आपलं." मी त्याच्या अंगावर अशी धावून गेले की तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

हात लावायचा नाही म्हटल्यावर सरांना तोंडाने शिकवावं लागलं. आयुष्यभर त्यांनी ते टाळलं होतं. "काय लागतंय?" ते विचारायचे. मला शब्द शोधायला लागायचे. "मऊ आहे, सर. नाही, मऊ नाही. भिजलेल्या वातीसारखं." "वात कुठे संपते?" "डावीकडे काहीतरी टणक आहे." "तिथे थांब. त्याच्या खाली जाऊ नकोस." ते डोळे मिटून ऐकायचे. मास्कवरचे त्यांचे मिटलेले डोळे बघून मला रडू फुटेल असं वाटायचं. मी खूप शिकले त्या महिन्यांत. हातात आलेलं प्रत्येक ऑपरेशन कशामुळे मिळालं हे ठाऊक असताना शिकणं किती जिवावर येतं, ते मात्र कुणाला सांगायची सोय नव्हती.

एकदा सर्जनच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "घरी सांगितलंत, सर?"

"पाठ दुखते म्हणून सांगितलंय. बायको रोज वाळूची पुरचुंडी करून शेकते." ते जरा हसले. "पाठ इतकी मस्त झालीय की काय सांगू."

"आणि खरं?"

"काय सांगू? माझ्या विद्यार्थिनीने सुई टोचली म्हणून? ती तुला घरात पाऊल ठेवू देणार नाही." मग हसणं थांबवून म्हणाले, "मी तिच्या खोलीत झोपत नाही. आडवं झाल्यावर पाठीला कठीण बिछाना लागतो म्हणालो. बाहेर चटईवर झोपतो. तिला तेही खरं वाटतं."

मी उठून खिडकीशी गेले. सर खोकले तरी मी कान टवकारायची. त्यांचा शर्ट सैल वाटला की वजन उतरलं का बघायची. त्यांना एकदा तोंड आलं तर मी दोन दिवस जेवले नाही. आई म्हणाली, "काय झाला गो? जेवणावर लक्ष नाय तुझा." आणि तिने गुपचूप देव पाण्यात ठेवले. तिला वाटलं मी परीक्षेला घाबरलेय. परीक्षेला मी घाबरलेलेच होते, पण तो भाग आता खालच्या पायरीवर गेला होता.

शेवटी एका रविवारी मी त्या ड्रायव्हरला शोधायला निघाले. कुर्ल्याहून बस, मग पायी. माहुलला रिफायनरीच्या वासाने डोळे चुरचुरत होते. रस्त्याकडेला टँकर ओळीने उभे होते आणि त्यांच्या सावलीत माणसं पत्ते खेळत होती. बाईमाणूस ड्रायव्हरला विचारत आलेलं बघून त्यांना ऊत आला. "कोण लागतो तुमचा, ताई?" मी म्हटलं, "माझ्या हाताने पोट फाडलंय त्याचं." त्यावर एकाने पत्ते खाली ठेवून एका टँकरकडे बोट दाखवलं.

तो टँकरखाली पाना घेऊन उताणा पडून काम करत होता. बाहेर आला, मला ओळखलं, सदरा वर करून टाक्याचा व्रण दाखवला. व्रण छान भरला होता. मी म्हटलं, पुन्हा रक्त द्यायला यायला हवं.

"कशाला? बरा झालो की मी."

मी सांगितलं. एक नवा रोग आहे, तो तुम्हाला आहे की नाही ते बघायचंय, औषध नाही, घरच्यांनाही होऊ शकतो. जमेल तितकं सरळ सांगितलं. तो पाना पुसत ऐकत होता.

"म्हंजे तवा समदे लांबनंच बघत व्हते, ते ह्याच्यापायी?"

मी हो म्हटलं.

"आन्‌ निघाला तर काय करणार?"

"तर आम्ही तुमच्यावर उपचार करू. तुम्हाला सोडणार नाही."

"तवा केलं तसंच?"

त्याला दुखावायला मी आले नव्हते, आणि त्याने विचारलेलं चूक नव्हतं. मग मी उरलेलं सांगून टाकलं. त्याचं पोट शिवताना सुई मोठ्या डॉक्टरांच्या बोटात गेली, त्यांना काय झालंय ते कळायचं असेल तर त्याचं रक्त लागेल.

त्याने पाना खाली ठेवला. "त्यांनी रोज सकाळी पोटावर हात ठिवला," तो म्हणाला. "घरच्यासारखा. त्यांच्यासाठी येतो. तुमच्यासाठी न्हाई." आणि ठरल्या दिवशी तो आला. मी स्वतः त्याचं रक्त काढलं आणि बाटली मांडीवर धरून स्वतः शहरात नेऊन दिली.

उत्तर आलं तेव्हा त्याच्या रक्तात काही नव्हतं. पुढे सरांची तपासणी झाली, तीही स्वच्छ आली. सरांनी मला खोलीत बोलावून तेवढंच सांगितलं आणि पट्टा काढून टेबलावर ठेवला. मी तिथेच खुर्चीत बसून मोठमोठ्याने रडले. ते म्हणाले, "पुरे. उद्या एक अडकलेलं आतडं आहे. मी करतो, तू समोर ये." मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी पेढे घेतले आणि आईला कारण सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सर टेबलावर होते. मधला ट्रे होता, दोन ग्लोव्हज होते, पण हात त्यांचे होते. आतड्याला पडलेला पीळ त्यांनी असा सोडवला की सिस्टरसुद्धा वाकून बघायला लागली. मग शिवायची वेळ आली. त्यांनी सुई उचलली. मी नेहमीप्रमाणे माझी डावी तर्जनी आत, आतड्याच्या वर धरली.

सुई खाली आली नाही. मी वर बघितलं. त्यांचा हात जागच्या जागी थांबला होता. आधी मला वाटलं काही दिसत नसेल, म्हणून मी कडा जरा उचलून धरली.

"बोट काढ," सर म्हणाले.

"आतडं आहे खाली, सर."

"माहीत आहे. काढ." मग सिस्टरकडे वळून म्हणाले, "ती चपटी पट्टी असते ना, आतड्यावर ठेवायची. ती द्या."

ती पट्टी आमच्याकडे कुणी कधी वापरली नव्हती. कपाटं उघडली, शेजारच्या थिएटरमध्ये माणूस पाठवला. पोट तसंच उघडं, सगळे तसेच उभे. सर कुणाकडे बघत नव्हते; घामाचा थेंब भुवईवरून मास्कमध्ये उतरला तरी त्यांनी तो पुसून घेतला नाही. पट्टी आली, उकळून झाली, आतड्यावर बसली. मग हात हलला आणि सरांनी ते पोट सुरेख शिवलं, एकही टाका कमीजास्त नाही. मी समोर उभी होते. माझं बोट रिकामं होतं आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.